पाय थकले म्हणून शाळा का सुटावी?

चौथीपर्यंतचे वर्ग बहुधा तळमजल्यावर भरतात. पाचवीला मूल 'मोठ्या शाळेत' जातं आणि पुष्कळ ठिकाणी मोठ्या शाळेचे वर्ग वरच्या मजल्यावर असतात. इतर मुलांना त्याचं काहीच वाटत नाही. उलट, जिना चढून वर्गात जाण्याचा एक वेगळाच रुबाब असतो. पण ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार असलेल्या मुलापुढे हा जिना नेमका नको त्या वर्षी येऊन उभा राहतो. कारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यानच या मुलांपैकी बहुतेकांचं चालणं थांबतं. पटावर त्याचं नाव पाचवीत चढतं आणि तो मात्र तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभाच राहतो.

मग काही दिवस वडील कामावर जाण्याआधी त्याला उचलून वर सोडतात. काही दिवस शाळेचा शिपाई मदत करतो. पावसाळ्यात गैरहजेरी वाढते. सहामाही परीक्षेनंतर मुख्याध्यापक आईला बोलावून घेतात आणि हळूच म्हणतात, "ताई, त्याला किती त्रास होतोय बघा. घरीच शिकवलंत तर?" बोलण्यात माया असते, म्हणून आईला नाही म्हणवत नाही. पुढच्या जूनमध्ये मुलगा घरात बसून खिडकीतून शाळेत जाणारी मुलं बघत असतो. त्याला शाळेतून कुणीच काढलेलं नसतं, तरी त्याची शाळा सुटलेली असते.

पडतो, उठतो, पुन्हा पडतो

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे साधारण एकाला तो होतो. स्नायू आकसताना आणि सैल होताना त्यांच्या पेशींचं आवरण फाटू नये, म्हणून शरीर डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन तयार करत असतं. हे प्रथिन बनवण्याची आज्ञा देणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. त्या जनुकातच दोष असला की प्रथिन तयार होत नाही आणि वापरातले स्नायू हळूहळू झिजत जातात. आधी मांड्या आणि कंबर, मग खांदे आणि दंड, आणि पुढे श्वासाचे व हृदयाचे स्नायू. बोटांची ताकद मात्र सर्वांत शेवटपर्यंत टिकते. शाळेच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे.

पहिली लक्षणं तीन ते पाच वर्षांच्या सुमारास दिसू लागतात. मूल चवड्यांवर चालतं, धावताना मागे पडतं, वरचेवर पडतं. जिना चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवतं. पोटऱ्या टणक आणि भरलेल्या दिसतात, त्यामुळे आजीला वाटतं, नातवाची तब्येत कशी दणकट आहे! जमिनीवरून उठताना तर ते आधी ओणवं होतं आणि मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत जणू स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. १८७९ साली इंग्लंडमधल्या गॉवर्स या डॉक्टरांनी ही उठण्याची तऱ्हा नोंदवली आणि आजही डॉक्टर मुलाला जमिनीवर बसवून उठायला सांगतात, ते हेच पाहण्यासाठी.

घरात मूल सोफ्यावर नाहीतर खाटेवर बसतं, त्यामुळे ही तऱ्हा पुष्कळदा घरच्यांच्या लक्षात येत नाही. बालवाडीच्या बाईंच्या मात्र येते. प्रार्थना संपल्यावर सगळी मुलं टुणकन उठतात आणि एक मुलगा जमिनीवर हात टेकवून धडपडत असतो, हे त्या रोज बघतात. अशा वेळी बाईंनी 'जरा आळशीच आहे' असं म्हणण्याऐवजी आईला बाजूला घेऊन सांगितलं, तर पुष्कळ वेळ वाचू शकतो. एरवी कॅल्शियमची औषधं, तेलाचं मालिश, 'मुलगे उशिराच चालतात' अशी समजूत, यात दीड-दोन वर्षं सहज निघून जातात. बालरोगतज्ज्ञांनी रक्तातली सीपीके तपासली की ती या मुलांमध्ये कित्येक पटींनी वाढलेली सापडते. पुढे रक्ताच्याच नमुन्यावर जनुकाची तपासणी करून निदान पक्कं करता येतं.

निदान कळलं की ते शाळेला सांगावं की नाही, असा प्रश्न आईवडिलांना पडतो. लोक काय म्हणतील, मुलाला वेगळं पाडतील, अशी भीती असते. पण न सांगण्यात धोका जास्त आहे. गृहपाठ केला नाही म्हणून उठाबशा काढायला लावणं, कवायतीत बेडूकउड्या मारायला लावणं, हे या मुलांच्या स्नायूंना खरोखर इजा करणारं आहे. ताणाखाली लांबणारा स्नायू अशा वेळी जास्त फाटतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. जिना चढण्याइतकाच तो उतरणंही त्यांना बाधतं. (खरं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेवर बंदीच आहे. पण उठाबशांना शिक्षा समजायला पुष्कळ गुरुजी अजून तयार नाहीत.) पडलेल्या मुलाला काखेत हात घालून ओढून उठवू नये, हेही शाळेला सांगायला हवं. त्याचे खांदे सैल असतात, ते दुखावतात.

निदानानंतर घरात आणखी एक गोष्ट होते, तिचा उल्लेख टाळून चालणार नाही. आजार आईकडून मुलाकडे येतो, एवढंच अर्धवट सासरी समजतं आणि 'हे तुझ्या माहेरचं' असं सुरू होतं. वस्तुस्थिती अशी की सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा दोष नव्यानेच निर्माण झालेला असतो, आईत तो नसतोच. आणि असला, तरी तिने तो मागून घेतलेला नसतो. जनुकीय सल्लागारांकडे नवराबायको दोघांनी मिळून जावं. पुढच्या बाळंतपणाचा किंवा मुलीच्या तपासणीचा विचार तिथे शांतपणे करता येतो. शाळेशी बोलायलाही दोघांनी जावं. एकटी आई गेली की तिची समजूत घालून परत पाठवणं फार सोपं जातं.

हात वर न करणारा मुलगा

पायांचं दुखणं सगळ्यांना दिसतं. वर्गात त्याहून वेगळ्या दोन अडचणी येतात आणि त्या सहसा कुणाला दिसत नाहीत.

पहिली अडचण शिकण्यातली. डिस्ट्रॉफिन फक्त स्नायूंतच नसतं, मेंदूतही असतं. त्यामुळे या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना शिकताना काही ना काही अडचण येते. बोलायला उशीर होणं, अक्षर आणि उच्चार यांचा मेळ न बसणं, वाचन अडखळणं. लक्ष एका जागी न राहणं किंवा स्वमग्नता यांचं प्रमाणही या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतं. विशेषतः ऐकलेल्या सूचना डोक्यात धरून ठेवणं त्यांना जड जातं. "मराठीची वही काढा, समास आखा, तारीख घाला आणि फळ्यावरचे पहिले पाच प्रश्न उतरवून घ्या," असं बाई एका दमात सांगतात. मुलगा वही काढतो आणि बसून राहतो. बाईंना वाटतं, ऐकतच नाही. प्रत्यक्षात त्याने ऐकलेलं असतं, त्यातलं पहिलंच काय ते डोक्यात उरलेलं असतं. एका वेळी एकच सूचना दिली किंवा सूचना फळ्यावर लिहिल्या, तर तोच मुलगा बरोबर काम करतो.

ही अडचण स्नायूंसारखी वाढत जात नाही, हे आईवडिलांनी नीट समजून घ्यावं. उलट लहान वयात ओळखून वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवलं, तर ती पुष्कळ कमी होते. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांना असा त्रास नसतो आणि त्यांच्यातली काही तर वर्गात पहिली-दुसरी येतात. तेव्हा आजाराचं नाव ऐकून 'अभ्यासात कच्चाच असणार' असं धरून चालणंही तितकंच चुकीचं. आणि सगळ्याच स्नायूविकारांत हे घडत नाही. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा मुलामुलींना सारखाच होणारा आजार घ्या. त्यात हातपाय फार अशक्त होतात, पण बुद्धीला सहसा धक्का लागत नाही.

दुसरी अडचण अगदी साधी आहे. दंडातली ताकद कमी झाली की हात डोक्यापर्यंत जात नाही. "उत्तर कुणाला येतं, हात वर करा," असं सर म्हणतात, चाळीस हात वर जातात आणि याचा जात नाही. हळूहळू सर त्याला विचारेनासे होतात. त्याने बाकावर पेन्सिल वाजवली तरी चालेल, एवढं एकदा ठरवून घेतलं की प्रश्न मिटतो. पण ते ठरवायचं कुणाला सुचत नाही.

लिहिण्याचंही तसंच. बोटं चांगली असतात, पण हात पानावर पुढे सरकवायला दंड लागतो. बाक उंच करून कोपरांना आधार दिला, जाड बांधीव वहीऐवजी सुटे कागद दिले, दाबावं न लागणारं पेन दिलं, तर मूल बराच काळ स्वतः लिहू शकतं. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नसावी. शेजारच्या मुलाच्या वहीचा मोबाइलवर फोटो काढला तरी काम भागतं. आता तर मोबाइलवर मराठीत बोललेलं आपोआप टाइप होतं. पुढे जेव्हा हात थकतील तेव्हाची तयारी म्हणून सातवी-आठवीपासूनच संगणकाची सवय लावलेली बरी.

भरलेली बाटली तशीच परत

खुर्चीची गोष्ट निघाली की बहुतेक घरांत वातावरण बिघडतं. 'एकदा खुर्चीत बसला की चालायचंच सोडून देईल' ही समजूत इतकी खोलवर रुजलेली आहे की आई दहा वर्षांच्या, तीस किलोच्या मुलाला कडेवर घेऊन बसस्टॉपवर जाते, पण खुर्ची आणत नाही. डॉक्टर सांगतात ते उलट आहे. घर ते शाळा एवढं चालण्यात मुलाची सगळी शक्ती संपली, तर पहिल्या तासाला त्याच्या डोळ्यांवर झापड येते. लांबचं अंतर खुर्चीतून गेलं आणि वर्गातल्या वर्गात तो चालला, तर शक्ती अभ्यासाला आणि खेळाला उरते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेखाली कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातल्या खुर्च्या पात्र कुटुंबांना मिळू शकतात. पाठीला नीट आधार देणारीच खुर्ची घ्यावी, कारण चालणं थांबल्यावर पाठीचा कणा वाकण्याचा धोका वाढतो.

खुर्ची आली की शाळेला उतार हवा. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार, असं त्याचं प्रमाण आहे. पुष्कळ शाळांत घाईने बांधलेला उतार इतका उभा असतो की त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला तीन. तो बहुधा तपासणी अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठीच असतो.

पण जिना आणि उतार यांच्याहूनही मोठी अडचण म्हणजे संडास-बाथरूम. दार अरुंद, आत ओलं, भांडं भारतीय पद्धतीचं. शिवाय उचलून बसवणार कोण? मुलगा यावर स्वतःच तोड काढतो. तो सकाळपासून पाणी पीत नाही. आई डबा उघडून बघते, डबा अर्धा संपलेला असतो आणि पाण्याची बाटली भरलेली तशीच परत आलेली असते. अशा मुलांची डोकी दुपारी दुखतात, पोट साफ होत नाही, लघवीचा त्रास सुरू होतो. कुठल्या तरी क्षणी तो 'मला शाळेत जायचंच नाही' म्हणतो आणि घरचे समजतात की अभ्यासाला कंटाळला. वाढत्या वयाच्या मुलाला मित्रांसमोर हे सांगणं मरणाहून अवघड वाटतं. म्हणून शाळेत गेल्यावर सर्वांत आधी संडासाची चौकशी करावी, वर्गाची नंतर. तीन फुटांचं दार, बाहेर उघडणारं. एक कमोड, भिंतीला दांडी आणि मदतीला एक ठरलेला माणूस, एवढं लागतं. मोठ्या सुटीत रोज आईने जाऊन ते करायचं, ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी चालू आहे. पण त्यात आईची नोकरी जाते, धाकट्या भावंडाचे हाल होतात आणि आई आजारी पडली की मुलाची शाळा बुडते.

वर्गमित्रांना काय सांगायचं? स्टेरॉइडच्या औषधांनी चालणं एक-दोन वर्षं, कधी जास्तही, टिकतं. मात्र त्यांनी चेहरा गोल होतो, वजन वाढतं, उंची खुंटते आणि मूल चिडचिडं होतं. ही औषधं डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणंही घातक असतं. मुलं 'जाड्या' म्हणून चिडवायला लागली की मुलगा गोळी लपवतो, असं होऊ शकतं. वर्गशिक्षिकेने एकदा वर्गाला सरळ सांगितलेलं चांगलं, की हा संसर्गजन्य आजार नाही, औषधाने तोंड सुजतं आणि खुर्ची ढकलण्याची पाळी रोज वेगळ्या मुलाची असेल. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर स्वीकारतात. थोड्या दिवसांनी तर खुर्ची कोण ढकलणार यावरून भांडणं लागतात.

'कशाला एवढा आटापिटा?'

हा प्रश्न घरी आलेले नातेवाईक विचारतात. कधी आवाज खाली आणून, कधी मुलाच्या देखतच. आजार बरा होणारा नाही, आयुष्य कमी आहे, मग शुद्धलेखन आणि भूमितीचा ताण कशासाठी? यातला कळवळा खोटा नसतो. पण माहिती जुनी असते. एके काळी ही मुलं विशी गाठत नसत. आता स्टेरॉइड, हृदयाची वेळेवर सुरू केलेली औषधं आणि रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र यांमुळे पंचविशी-तिशी, कधी त्याहून पुढे जाणारी माणसं आहेत. चौदाव्या वर्षी शाळा सोडून घरी बसवलेल्या मुलाने पुढची दहा-पंधरा वर्षं करायचं काय?

आणि वर्षांचा हिशेब थोडा वेळ बाजूला ठेवला, तरी मुलाला काय हवंय ते कुणी विचारलेलं असतं का? २०१९ साली नोएडातल्या दहावीच्या एका विद्यार्थ्याची बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापली होती. त्याला ड्यूशेन होता. सीबीएसईच्या परीक्षेत इंग्रजी आणि विज्ञानाचे पेपर त्याने लेखनिकाकडून लिहून घेतले, पण संस्कृतचा पेपर स्वतःच्या हाताने लिहायचा हट्ट धरला आणि लिहिला. पुढचा पेपर देण्याआधीच तो गेला. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा इंग्रजीत १००, विज्ञानात ९६ आणि त्या स्वतः लिहिलेल्या संस्कृतात ९७ गुण होते. असे गुण प्रत्येकाला मिळणार नाहीत आणि मिळावेत अशी अपेक्षाही धरू नये. पण कुठला पेपर कोण लिहिणार हे त्याने स्वतः ठरवलं होतं.

कायदा या बाबतीत आता बराच मुलांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्पष्टपणे घातलेलं आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत पाच टक्के जागा राखीव आहेत. आजार वाढता असल्याने लहानपणी मिळालेलं कमी टक्क्यांचं प्रमाणपत्र पुढे पुन्हा तपासून घ्यावं लागतं, हे लक्षात असू द्यावं. सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो आणि लेखनिकही मिळतो. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीलाही जादा वेळ आणि लेखनिक यांची सोय आहे. मात्र अर्ज शाळेमार्फत, परीक्षेचा फॉर्म भरतानाच करावा लागतो. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग होत नाही. ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नसली, तरी लिहिण्याची खरी अडचण असेल तर लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या फेब्रुवारीत लेखनविकार असलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात दिला.

घरी शिकण्याचा हक्कही २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मिळाला. ज्या मुलाला खरोखरच बाहेर पडता येत नाही, त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण हा हक्क मुलाचा आहे. वरच्या मजल्यावरचा वर्ग खाली आणण्याचं टाळण्यासाठी शाळेने तो वापरायचा नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी येणाऱ्या शिक्षकांकडून गणित समजेलही, पण मधल्या सुटीतला डबा, टोपणनाव आणि बाकावर कोरलेली नावं घरी कशी मिळणार? ज्यांना कुणाशी बोलावं हेच कळत नाही अशा पालकांसाठी हिमाचलातल्या सोलन इथे १९९२ पासून इंडियन असोसिएशन ऑफ मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही संस्था काम करते आहे. हाच आजार अंगावर वागवणाऱ्या माणसांनी ती उभी केली, त्यामुळे पहिल्या वाक्यापासून सगळं समजावून सांगावं लागत नाही.

जिन्याचा प्रश्न सोडवायला मात्र सोलन काय नि दिल्ली काय, कुठेच जावं लागत नाही. लिफ्ट बसवायला शाळेकडे पैसे नसतात, हे खरं आहे. पण खोल्यांची वाटणी नव्या वर्षाआधी शाळेतच होत असते. मार्च-एप्रिलमध्ये, वेळापत्रक ठरण्याच्या आत, आईवडिलांनी मुख्याध्यापकांना भेटून एवढंच मागावं की आमच्या मुलाची तुकडी तळमजल्यावर बसवा आणि तो दहावी होईपर्यंत तिथेच ठेवा. 'मग खालचा वर्ग कुठे न्यायचा?' असं ते विचारतील. दुसरीचा वर्ग वर न्यावा. दुसरीची मुलं जिना चढायला एका पायावर तयार असतात.